प्रोग्राम चालतो, पण मुलाला तो कळलाय का? आठवी-नववीत संगणकीय विचार तपासायचा कसा

खडूफळा (प्रश्न)

आठवी आणि नववीला संगणकीय विचार (प्रश्न संगणकाला करता येईल अशा पायऱ्यांत मांडणं) हा घटक शिकवायचा आहे. वर्गात ४० मुलं, संगणक २० (म्हणजे एकावर दोघं), आठवड्याला ३५ मिनिटांच्या २ तासिका, एकूण १२ आठवडे. शेवटी प्रत्येकाला ५० पैकी गुण द्यायचे.

अडचण अशी की प्रकल्प बघितले तर जवळपास सगळ्यांचे चालतात. पण 'खेळात ३ ऐवजी ५ संधी दे' एवढा बदल सांगितला की निम्मी मुलं अडतात. लेखी परीक्षेत 'अमूर्तीकरण म्हणजे काय' विचारलं तर व्याख्या घडाघडा लिहितात, त्यावरून काहीच उमगत नाही. विघटन (कामाचे तुकडे पाडणं), आकृतिबंध ओळखणं, अमूर्तीकरण (कामापुरतेच तपशील ठेवणं) आणि अल्गोरिदम (क्रमवार कृती), या चारांना साडेबारा-साडेबारा गुण असा तक्ता करावा का? संगणकाविना घेतलेल्या उपक्रमांना गुण द्यावेत का? आणि आठवीत ब्लॉक (स्क्रॅचसारखं, तयार ठोकळे जोडून), नववीत पायथन (ओळी टंकून) हा क्रम बरोबर आहे ना?

---

माग_तक्ता

साडेबारा-साडेबाराचा तक्ता नको. एकाच उत्तरात चारही गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या करून मोजायला गेलात की तपासणारा अंदाजाने आकडे टाकतो. गुण विभागायचे ते मुलाने प्रत्यक्ष काय केलं त्यावर. ५० ची एक वाटणी:

माग काढणं (प्रोग्राम कागदावर ओळीओळीने चालवून किमती लिहिणं) आणि अंदाज: १२
विस्कटलेल्या ओळी लावणं: १०
बग (प्रोग्राममधली चूक) शोधणं: ८
चालत्या प्रोग्रामात बदल: ८
स्वतःचा प्रकल्प आणि त्यावर तोंडी: १२

प्रकल्पाला एवढेच, कारण शेजाऱ्याचा, इंटरनेटवरचा किंवा चॅटबॉटने लिहिलेला प्रोग्रामही तसाच चालतो.

माग काढण्याचा प्रश्न असा घ्या:

एकूण = ०
क = १
जोपर्यंत क < ५:
    एकूण = एकूण + क
    क = क + २
दाखव एकूण, क

बरोबर उत्तर ४ आणि ५. पण चुकीच्या उत्तरांकडे जास्त लक्ष द्या, कारण प्रत्येक चुकीमागे वेगळी समजूत असते. ९ आणि ७ आलं तर मूल < ला 'पाचपर्यंत, पाच धरून' असं वाचतंय. १० आणि ५ आलं तर लूप (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) म्हणजे एकेकाने वाढणारच असं गृहीत धरून लूपमधली शेवटची ओळ वाचलेलीच नाही. ४ आणि ३ आलं तर बेरजेत शेवटी वापरलेली किंमत हीच क ची अखेरची किंमत, अशी कल्पना आहे.

आता लूपमधल्या दोन ओळींची अदलाबदल करा, आधी क वाढवा आणि मग बेरीज करा. बरोबर उत्तर ८ आणि ५ होतं. इथे काही मुलं ३ आणि ५ लिहितील. त्यांना वाटतं की क पाच झाला त्याच क्षणी लूप थांबतं, म्हणजे अटीवर कोणीतरी सतत नजर ठेवून बसलंय. प्रत्यक्षात अट फक्त फेरीच्या सुरुवातीला तपासली जाते. ही चूक मूळ प्रश्नात दिसूच शकत नाही, कारण तिथे क बदलणारी ओळच शेवटची आहे. म्हणून दोन्ही रूपं विचारावी लागतात.

गुण अंतिम उत्तराला नाही, तक्त्याच्या ओळींना द्या. स्तंभ तीन: 'क < ५ खरं का', 'एकूण', 'क'. एका ओळीत चूक झाली आणि पुढचं सगळं त्या चुकीशी सुसंगत असेल तर त्या एका ओळीचाच गुण कापा. आणि तक्त्याची शेवटची ओळ, जिथे अट खोटी ठरते, ती लिहायलाच लावा. मुलं नेमकी तीच गाळतात.

---

दोन_ओळी_जास्त

वरच्या उत्तराला पुस्ती. विस्कटलेल्या ओळींच्या प्रश्नाला पार्सन्स कोडं म्हणतात, डेल पार्सन्स आणि पट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये ते मांडलं. टंकलेखनाच्या चुका, विसरलेला कंस वगैरे बाजूला राहतं आणि रचनेचा विचार तेवढा तपासता येतो. ३५ मिनिटांच्या तासिकेला हे फार सोयीचं आहे.

उदाहरण: −१ येईपर्यंत अंक वाचत जा आणि शेवटी सरासरी दाखव. ओळी विस्कटून द्या:

एकूण = ०
संख्या = ०
अंक = वाच()
जोपर्यंत अंक ≠ −१:
एकूण = एकूण + अंक
संख्या = संख्या + १
अंक = वाच()
जर संख्या > ०:
दाखव एकूण / संख्या

यात दोन फसव्या ओळी मिसळा: 'एकूण = अंक' आणि 'जोपर्यंत अंक = −१:'. दोनच पुरे. चार-पाच टाकल्या की कोडं वाचनाच्या सहनशक्तीचं होतं.

तपासताना खरी गोची होते ती अशी: 'पाचवी ओळ पाचव्या जागी आहे का' असं बघितलं तर पहिली ओळ चुकलेल्याचं सगळंच एक घर सरकतं आणि त्याला शून्य मिळतं. शिवाय बरोबर क्रम एकापेक्षा जास्त असतात. एकूण आणि संख्या यांच्या पहिल्या दोन ओळी उलटसुलट चालतात, लूपमधल्या बेरजेच्या आणि मोजणीच्या ओळीही चालतात. म्हणून जागांऐवजी संबंध तपासा, प्रत्येकी २ गुण:

१. दोन्ही चल (एकूण आणि संख्या) लूपच्या आधी शून्य केले आहेत.
२. एक वाचन लूपच्या आधी आहे.
३. लूपमध्ये बेरीज आधी, पुढचं वाचन नंतर.
४. मोजणी लूपच्या आत आहे.
५. भागाकार लूपच्या बाहेर आणि 'जर' च्या आत आहे.

तिसरा संबंध बहुतेकांना जड जातो. वाचन आधी घेतलं तर पहिला अंक वगळला जातो आणि शेवटचा −१ बेरजेत शिरतो. ४, ६, −१ असं इनपुट देऊन त्यांना स्वतःला माग काढायला लावा. एकूण ५, संख्या २, सरासरी २.५ येते, हवी होती ५. एकूण आणि सरासरीच्या आकड्यांचा घोळ होऊ नये म्हणून ४, ८, −१ घेतलं तर आणखी बरं: हवी ६, येते ३.५.

---

खडूफळा

दोन्ही उत्तरं लगेच वापरता येण्याजोगी आहेत, आभार. पण विघटन आणि अमूर्तीकरण यांत कुठे आलं? बग आणि माग तपासून अल्गोरिदमच तपासला जातो असं वाटतं. आणि डॉ. स्क्रॅचसारखं साधन प्रकल्पाला आपोआप गुण देतं, ते वापरलं तर तपासणीचा भार हलका होईल का?

---

तिरपा_कंस

डॉ. स्क्रॅचचं आधी उरकतो. मूळ रूपात ते सात निकषांवर गुण देतं: अमूर्तीकरण, समांतरता (एकाच वेळी अनेक गोष्टी चालणं), तर्क, समकालन (त्यांचा मेळ घालणं), प्रवाहनियंत्रण, वापरकर्त्याशी संवाद आणि डेटाची मांडणी. प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१. पण ते बघतं काय, तर कोणते ब्लॉक आहेत. ते तिथे का आहेत हे त्याला कळत नाही. हिरव्या झेंड्यावर (स्क्रॅचच्या सुरू करण्याच्या बटणावर) सुरू होणाऱ्या दोन स्क्रिप्ट (ब्लॉकच्या माळा) ठेवल्या की समांतरतेचा गुण मिळतो, दुसरीचा खेळाशी काही संबंध असो वा नसो. गुणपत्रिकेत हे आकडे गेले की मुलं दुसऱ्याच दिवशी गरज नसलेले ब्लॉक कोंबायला लागतात. मुलांनी स्वतःच्या प्रकल्पाकडे एकदा बघावं यासाठी ठीक आहे, गुणांसाठी नाही.

तपासणीचा भार तोंडी परीक्षेत असतो आणि तो नीट वाटून घेतला तर झेपतो. ४० मुलांना ३ मिनिटं म्हणजे १२० मिनिटं. शेवटी सलग घेतलीत तर साडेतीन तासिका नुसत्या जातात आणि बाकीची मुलं हुंदडतात. त्याऐवजी प्रकल्प सुरू असताना प्रत्येक तासिकेला ५ मुलं, म्हणजे १५ मिनिटं. आठ तासिकांत वर्ग संपतो. प्रश्न तीनच:

'ही ओळ काढली तर पडद्यावर नेमकं काय बदलेल?' आधी सांगायचं, मग काढून बघायचं.
'कोणतं इनपुट दिलं की तुझा प्रोग्राम बिघडेल?'
'हा भाग आणखी कुठे जसाच्या तसा वापरता येईल?'

जोडीतल्या दोघांना वेगवेगळ्या ओळींवर विचारा, एकाच वेळी नाही. नाहीतर जो बोलका तोच दोघांचं बोलतो.

'बिघडणार नाही' असं उत्तर आलं तर गुण कापू नका, अजून एक संधी द्या: 'रिकामी यादी दिली तर?' त्यानंतरही काही सुचलं नाही तर मग शून्य.

विघटनाबद्दल. मुलांना 'तुकडे पाडा' म्हटलं की बहुतेक जण वेळेनुसार तुकडे पाडतात (आधी हे, मग ते, मग ते) किंवा माणसांनुसार (चित्रं तू काढ, कोड मी लिहितो). दोन्ही विघटन नव्हे. प्रश्नमंजूषेचा खेळ करायचा असेल तर कोड लिहिण्याआधी प्रत्येक तुकड्यासाठी तीन रकाने भरून घ्या: नाव, आत काय येतं, बाहेर काय जातं. 'उत्तर तपास': आत मुलाचं उत्तर आणि बरोबर उत्तर, बाहेर खरं किंवा खोटं. 'गुण वाढव': आत सध्याचे गुण आणि खरं-खोटं, बाहेर नवे गुण.

गुण असे: नुसती यादी ० ते १. आत-बाहेर लिहिलं असेल तर २. एखादा तुकडा बाकीचा खेळ न लिहिताच तपासता येईल अशी चाचणी सुचवली तर ३. हे ३ गुण प्रकल्पाच्या १२ मधूनच काढा. प्रकल्प पूर्ण झाल्यावर हा तक्ता मागू नका, तेव्हा तो कोडवरून उलटा उतरवलेला असतो.

---

माग_तक्ता

अमूर्तीकरणासाठी एक लेखी प्रश्न, ५ मिनिटांचा. ग्रंथालयातल्या पुस्तकाचे नऊ तपशील द्या: नाव, लेखक, पानं, जाडी, मुखपृष्ठाचा रंग, नोंदणी क्रमांक, सध्या कोणत्या सदस्याकडे आहे, परत करण्याची तारीख, प्रकाशन वर्ष. दोन कामं सांगा. पहिलं: मुदत उलटलेल्या पुस्तकांसाठी सदस्यांना निरोप धाडणं. दुसरं: नव्या कपाटात किती पुस्तकं मावतील ते काढणं. प्रत्येक कामाला लागणारे कमीत कमी तपशील निवडायचे.

पहिल्या कामाला नाव किंवा नोंदणी क्रमांक, सदस्य, तारीख. दुसऱ्याला फक्त जाडी. दोन्ही कामांना एकच यादी लिहिणाऱ्या मुलाला अमूर्तीकरण म्हणजे 'महत्त्वाचं ते ठेवणं' एवढंच ठाऊक आहे. 'कशासाठी महत्त्वाचं' हा भाग निसटलाय. दुसऱ्या कामाला 'पानं' लिहिणारी मुलंही असतील. पानांवरून जाडीचा अंदाज येतो असं त्यांनी कारण दिलं तर अर्धा गुण द्यावा, कारण ते जाडीऐवजी तिचा पर्याय शोधतायत, हाही विचारच आहे.

या प्रश्नाला वेगळे गुण लावायचे तर माग काढण्याचे १२ आहेत त्यातून ३ काढा.

आणि हो, विघटन ते अल्गोरिदम या चार खांबांना फार पवित्र मानू नका. जेनेट विंग यांच्या २००६ च्या लेखाने 'संगणकीय विचार' हा शब्द सर्वतोमुखी केला, पण त्या लेखात हे चार असे मोजून मांडलेले नव्हते. पाठ्यक्रम लिहिताना सोयीसाठी ते रूढ झाले.

---

अर्धी_यादी

संगणकाविना उपक्रमांना गुण द्यावेत, पण उपक्रमात भाग घेतल्याबद्दल नाही. एक उदाहरण सविस्तर देतो.

बाहेरून अगदी सारख्या, अपारदर्शक ८ डब्या आणि एक तराजू. डब्यांत वेगवेगळ्या वजनाची वाळू. नियम एकच: एका वेळी दोनच डब्यांची तुलना, तीही तराजूवर. आधी 'सर्वांत हलकी शोधून बाजूला ठेव' ही पद्धत वापरून क्रम लावायचा. तुलना ७ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १ = २८. मग जोड्या लावून, जोड्यांचे चौघांचे गट आणि मग दोन गट एकत्र गुंफण्याची पद्धत. ४ + ६ + ७, जास्तीत जास्त १७ तुलना. खरी गंमत पुढे आहे: डब्या १६ केल्या तर पहिल्या पद्धतीला १२०, दुसरीला जास्तीत जास्त ४९. हे प्रत्यक्ष करायला वेळ नसतो, कागदावर काढायला लावा. गुण इथे द्या: १६ चा आकडा काढता आला का, आणि तो का इतका वाढला ते सांगता आलं का.

काय बिघडतं: वजनातला फरक फार मोठा असेल तर मुलं हातात घेऊनच ओळखतात आणि तुलना मोजण्यात अर्थ राहत नाही. फार कमी असेल तर साधा तराजू हलत नाही आणि भांडणं होतात. आदल्या दिवशी त्याच तराजूवर शेजारच्या क्रमाच्या प्रत्येक जोडीचा फरक दिसतो का ते बघून ठेवा. झाकणं चिकटवा. वाळूचा आवाज ऐकून ओळखणारे निघतात, म्हणून डबीत वर कापूस दाबा.

दुसरी मोठी चूक शिक्षकांकडून होते. उपक्रम होतो, मजा येते आणि प्रोग्रामशी त्याचा दुवा जोडलाच जात नाही. त्याच किंवा पुढच्याच तासिकेत तोच क्रमबद्धतेचा प्रोग्राम माग काढायला द्या, डब्यांच्या जागी यादीतले आकडे घेऊन. तो दुवा नसेल तर डब्यांचा खेळ डब्यांपुरताच राहतो.

तयार प्रश्न हवे असतील तर बेब्रासच्या धर्तीचे बघा. २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली स्पर्धा, प्रत्येक प्रश्न काही मिनिटांचा, प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. स्पेनमध्ये तयार झालेली संगणकीय विचार चाचणी, २८ बहुपर्यायी प्रश्न आणि ४५ मिनिटं, हीसुद्धा आधी आणि नंतर अशी दोनदा घेऊन वर्गाची प्रगती बघायला चालते. मात्र तिचा भर क्रम, लूप, अटी आणि साधी फंक्शन यांवर आहे. विघटन तिच्यात शोधू नका, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत ती बसत नाही.

---

फेऱ्या_मोज

बग आणि बदल या दोन्हींसाठी एकच प्रोग्राम पुरतो:

मोठी = ०
यादीतल्या प्रत्येक स साठी:
    जर स > मोठी:
        मोठी = स
दाखव मोठी

बगचे ८ गुण: बिघडवणारं इनपुट ३, कारण ३, दुरुस्ती २. −७, −३, −९ दिलं तर उत्तर ० येतं, जे यादीतच नाही. 'मोठी = −१०००' अशी दुरुस्ती केली तर २ पैकी १, कारण बग फक्त लांब ढकललाय. 'मोठी = यादीतली पहिली संख्या' याला पूर्ण. नुसती दुरुस्ती लिहून इनपुट न देणाऱ्याला २ च मिळतात, आणि ते योग्य आहे. पाठ केलेली दुरुस्ती अशीच दिसते.

बदलाचे ८: सर्वांत मोठ्या संख्येऐवजी ती कितव्या जागी आहे ते दाखव. जागेसाठी वेगळे चल लागतात हे कळलं ३, ते योग्य जागी बदलले ३. उरलेले २ या प्रश्नाला: ४, ९, ९, २ मध्ये तुझा प्रोग्राम कोणता नऊ दाखवेल, आणि दुसरा हवा असेल तर काय बदलशील? उत्तर एका चिन्हाचं आहे, > च्या जागी ≥. पण ते सांगायला प्रोग्राम डोक्यात चालवावा लागतो.

ब्लॉक आधी आणि पायथन नंतर हा क्रम ठीक, फक्त नववीचे पहिले दोन आठवडे पायथन लिहून घेऊ नका. आधी अंदाज, मग चालवणं, तपास, बदल आणि शेवटी निर्मिती. सू सेंटन्स यांनी मांडलेला हा क्रम प्रिम नावाने ओळखला जातो. 'बदल' या पायरीवर मुलं सर्वांत जास्त वेळ राहिली पाहिजेत. एरवी कोऱ्या पडद्यापुढे बसवलं की निम्मा वेळ ओळीआधी सोडायच्या मोकळ्या जागा आणि विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांत जातो.

मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी तीन खाचखळगे. पायथन ३ मध्ये चलाला 'एकूण' असं देवनागरी नाव चालतं. पण कोडमध्ये 'एकूण = ५' असा देवनागरी अंक लिहिला तर चूक येते, तिथे इंग्रजी अंकच लागतो. गंमत म्हणजे प्रोग्राम चालू असताना वापरकर्त्याने '१२' देवनागरीत टंकलं आणि ते पूर्णांकात बदललं, तर ते बिनतक्रार १२ होतं. तिसरा सर्वांत चकवणारा: 'फेऱ्या' सारखं नाव. काही कळफलक त्यातल्या जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि पायथन ते नावात स्वीकारत नाही. पडद्यावर ओळ निर्दोष दिसते, चूक मात्र येतच राहते. 'फेरी' असं नाव द्या.

---

दोन_ओळी_जास्त

एक राहिलं. दोन्ही वर्गांचे शिक्षक वेगळे असतील तर पूर्ण गठ्ठा तपासण्याआधी दोघांनी त्याच १० उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात, एकमेकांचे गुण न बघता. ज्या उपप्रश्नात एका गुणापेक्षा जास्त फरक पडेल तिथे सरासरी काढू नका, निकषाचं वाक्य बदला. बहुतेक वेळा घोळ 'कारण ३' सारख्या ओळीत निघतो. 'शून्यापासून सुरुवात केली म्हणून' याला एकजण ३ देतो, दुसरा १. तिथे लिहून टाका: 'सगळ्या संख्या ऋण असल्या तर अट कधीच खरी होत नाही' इथपर्यंत आलं तर ३, नुसतं शून्याकडे बोट दाखवलं तर १. मग उरलेल्या ७० तपासायला घ्या.